आमच्या कॉलनीचा नागरिक मंच, एक मोजपट्टी आणि आमचेच रँप

मोगरी
रविवार, रात्री ९.४०

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिल्या चार प्रतिसादांत "तुमच्याकडचे लोक असेच" सुरू होतं आणि मूळ विषय राहतो बाजूला. महाराष्ट्रातलं महापालिकेचं शहर आहे, एवढं पुरे. ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या, एक शाळा, दत्ताचं देऊळ, दूध केंद्र, आणि या सगळ्यांना जोडणारा साधारण साडेतीनशे मीटरचा रस्ता.

माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या. कुठे पडल्या नाहीत, काही मोडलं नाही. पण गेल्या दीड वर्षात त्यांनी बाहेर जाणं सोडलं. आधी देवळातला गुरुवार सुटला, मग संध्याकाळचं फिरणं, मग दूध केंद्र. विचारलं की "गुडघे गं" म्हणायच्या. एकदा त्यांच्याबरोबर देवळापर्यंत चालत गेले तेव्हा कळलं, गुडघ्यांचा दोष नाही. तेवढ्या अंतरात त्यांना नऊ वेळा फुटपाथवरून उतरावं लागलं आणि नऊ वेळा चढावं लागलं. मधला निम्मा रस्ता तर गाड्यांना चिकटूनच.

आमचा नागरिक मंच आहे. म्हणजे १४० जणांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. पहिले आठ महिने त्यात काय चाललं ते तुम्हाला सांगायला नको. सकाळची गुलाबं, कचऱ्याचे फोटो, आणि फोटोखाली "कुणीतरी लक्ष घाला रे". हा कुणीतरी कोण, ते आम्हाला कधीच सापडलं नाही. फुटपाथचा विषय निघाला की एकमत व्हायचं: भाजीवाल्यांनी वाट लावली. अतिक्रमण विभागाला अर्ज द्यायचा ठरावही झाला होता.

आमच्यात जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, अर्ज द्या, पण आधी मोजा. मग एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पाच जण पन्नास मीटरची मोजपट्टी आणि शाळकरी वही घेऊन निघालो. एका बाजूच्या फुटपाथवर पायाला आडवं येणारं जे जे दिसलं ते ते लिहिलं.

भाजी-फळवाले सहा. चप्पल शिवणारे आजोबा एक. विजेच्या डीपी दोन. फ्लेक्सचे लोखंडी सांगाडे तीन. बसथांबा एक, त्याच्या मागे माणूस आडवा झाला तरच जाईल एवढी जागा. लावलेल्या दुचाकी तेवीस. फुटपाथवर दोन चाकं चढवलेल्या चारचाकी चार. सुशोभीकरणाच्या सिमेंटच्या कुंड्या चौदा, त्यातल्या आठ आमच्याच मंचाने गेल्या पर्यावरण दिनाला ठेवलेल्या, फोटोसकट. आणि सोसायट्यांच्या फाटकांसमोरचे रँप अकरा. गाडी सुखाने आत जावी म्हणून फुटपाथ कापून किंवा त्यावर सिमेंट ओतून केलेले. सासूबाईंचे नऊ चढ-उतार त्यातलेच.

भाजीवाली असली तर बाजूने जाता येतं, ती स्वतः टोपली सरकवते. रँप सरकत नाही.

ही यादी ग्रुपवर टाकली. दोन दिवस सामसूम. मग सात जण ग्रुप सोडून गेले, त्यात आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. जाताना लिहून गेले, "मंचाने रहिवाशांच्या विरोधात काम करू नये."

तर प्रश्न असा. तुमच्याकडे असे गट आहेत का? काही पदरात पडलं का? आणि आपल्याच माणसांशी भांडण न करता हे कसं करतात?

*

निवांत
रविवार, रात्री १०.०५

सासूबाईंचं वाचून चरकलो. आमचे वडीलही "कंटाळा येतो" म्हणून घरात बसतात. उद्या त्यांच्याबरोबर चालून बघतो.

*

कडक_चहा
रविवार, रात्री १०.११

फुकटचा उद्योग. टक्केवारी खाल्ल्याशिवाय या देशात एक फरशी बसत नाही. वही-मोजपट्टी घेऊन काही होत नसतं.

*

जुना_अभियंता
रविवार, रात्री ११.३०

मोगरीताई, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. तीस वर्षं रस्त्यांच्या कामात गेली, मोजपट्टी घेऊन आलेला नागरिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला. बाकीचे आवाज घेऊन येतात.

काही गोष्टी लिहून ठेवा, अर्जात लागतील. पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३, आवृत्ती २०१२. त्यानुसार चालण्याची मोकळी पट्टी किमान १.८ मीटर रुंद हवी. मोकळी म्हणजे खांब, झाड, डीपी वगळून. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं नको. आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून जास्तीत जास्त १५० मिलिमीटर. तुमच्याकडे किती भरली?

उंची का वाढते ते सांगतो. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा डांबराचा थर टाकतात. रस्ता वर येतो, पाणी सोसायटीत शिरायला लागतं. मग फुटपाथ उचलतात. परत रस्ता वर येतो. असं करत करत फुटपाथचा ओटा होतो आणि ओट्यावर गाडी चढत नाही म्हणून सोसायटी रँप ओतते. तुमचे सेक्रेटरी अगदीच खोटं बोलत नसतील, त्यांचीही अडचण खरी आहे. पण उपाय उलटा केलाय. फाटकासमोर फुटपाथ आहे त्याच पातळीत सलग राहिला पाहिजे आणि उतार फक्त रस्त्याकडच्या कडेच्या पट्टीत द्यायचा. गाडीने चढून, हळू होऊन, फुटपाथ ओलांडून आत जायचं. माणसाने गाडीसाठी उतरायचं नाही. रुंदी असेल तर हे सहज बसतं.

आणखी एक. "फुटपाथची दुरवस्था झाली आहे" असा अर्ज करू नका. असे अर्ज फाइलला लागतात आणि तिथेच वाळतात. "विजेचा खांब क्रमांक अमुक ते तमुक, लांबी इतके मीटर, पेव्हर ब्लॉक खचले, संख्या इतकी" असं लिहा. कनिष्ठ अभियंत्याला त्यावर जागेवर जाऊन पाहणी करता येते, करावी लागते. आणि टपालात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

*

मोगरी
सोमवार, सकाळी ७.५०

उंची ठिकठिकाणी वेगळी आहे. सर्वांत कमी १९ सेंटिमीटर, शाळेसमोर ३४. म्हणजे पहिलीतल्या पोराच्या गुडघ्याच्या वर.

कडक_चहा, रविवारी सकाळी साडेसहाला तुमच्या नावाचं काहीतरी आम्हालाही प्यायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. :)

*

पार्लेकर
सोमवार, दुपारी १.१५

मुंबईचा अनुभव. आमच्याकडे एएलएम, म्हणजे परिसर व्यवस्थापन गट, १९९७ च्या सुमारास सुरू झाले. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून गल्ली सुधारली आणि महापालिकेने तो नमुना उचलला. आमच्या लेनचा गट त्यानंतर दोन वर्षांनी झाला, माझे वडील त्यात होते. सुरुवातीची काही वर्षं सोन्याची. वॉर्ड ऑफिसात या गटांसाठी नेमलेला अधिकारी असायचा, त्याच्याशी थेट बोलता यायचं, गांडूळखताचे खड्डे, झाडांना क्रमांक, सगळं केलं. २००७ च्या निवडणुकीत तर जुहूमधून नागरिकांनी एकत्र बसून ठरवलेला उमेदवार नगरसेवक म्हणून निवडून आला होता.

मग काय झालं? काहीच झालं नाही, माणसं म्हातारी झाली. २००० साली ज्या पाच जणांच्या सह्या असायच्या, २०१५ मध्येही त्याच पाच. त्यातले दोन गेले, एक मुलीकडे पुण्याला. नव्या टॉवरमधल्या लोकांना गरज वाटत नाही, त्यांचा कचरा लिफ्टने खाली जातो आणि फिरायला पोडियमवर बाग आहे. त्यांचा रस्त्याशी संबंध गाडीच्या काचेतून.

म्हणून सल्ला एकच. आत्ताच, सगळे उत्साहात असताना, कामं वाटून द्या. पत्रं एकाने लिहायची, फेऱ्या दुसऱ्याने मारायच्या, दर सहा महिन्यांनी अदलाबदल. सगळं एका काकांवर ठेवलंत तर काकांच्या बायपासबरोबर मंचही बंद पडतो. (आमच्याकडे अक्षरशः असंच झालं.)

*

भाजीवालीचा_मुलगा
सोमवार, रात्री ८.२०

आयडीवरून कळलंच असेल कुणाच्या बाजूने बोलणार. आईने बावीस वर्षं एका शाळेसमोर भाजी विकली. माझी इंजिनिअरिंगची फी त्या फुटपाथवरून आली.

मोगरीताई, तुम्ही मोजलंत आणि जे निघालं ते लपवलं नाहीत, याबद्दल आभार. पण एक विचारतो, रागावू नका. तुमच्या त्या १४० जणांच्या ग्रुपात सहापैकी एक तरी भाजीवाली आहे? सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत रस्ता बघणारी माणसं ती. कुठला टँकर कधी येतो, कुठल्या चेंबरचं झाकण हलतं, शाळा सुटताना कोण उलट्या बाजूने गाडी घालतो, सगळं त्यांना पाठ असतं.

दुसरं, कायद्याचं. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग जागा ठरवणं. सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणाला हटवायचं नाही, असं त्यातच लिहिलंय. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. रहिवासी संघटनांनाही त्या समितीत जागा आहे. म्हणजे कायद्याने तुम्हाला आणि माझ्या आईला एकाच टेबलावर बसवलंय. प्रत्यक्षात आई तुम्हाला भेटते ती अतिक्रमणाची गाडी आली की वजनकाटा पदराखाली घेऊन पळताना.

आणि हो, गाडी फुटपाथवर लावणाऱ्याची स्कूटरसुद्धा कधी टेम्पोत टाकून नेऊन चार महिने गोदामात सडवलेली बघितली नाही. हातगाडीचं तेच होतं.

*

गोदाकाठ
सोमवार, रात्री ९.०२

भाजीवालीचा_मुलगा, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प बसलो.

*

कडक_चहा
सोमवार, रात्री ९.१५

भावना वगैरे ठीक आहे, पण म्हणून कुणीही कुठेही बसायचं? मग शिस्त कशाला म्हणायची?

*

भाजीवालीचा_मुलगा
सोमवार, रात्री ९.४०

कुणीही कुठेही नाही, तेच तर लिहिलंय. जागा ठरवून द्या, पट्टा आखा, आई त्या पट्ट्याबाहेर पाय ठेवणार नाही. पट्टा आखायला येतच नाही कुणी. हटवायला येतात.

*

मोगरी
सोमवार, रात्री १०.३०

नाही, एकही नाही. लाजच वाटली वाचताना. उद्या सकाळी भाजी घेताना बोलते. ग्रुपचं काय ते बघू, त्यांच्यापैकी दोघींकडे साधे फोन आहेत.

*

एक_भाडेकरू
मंगळवार, सकाळी ११.००

भाडेकरूही घ्या ताई. सात वर्षं एकाच कॉलनीत राहतोय, मतदारयादीत नाव इथलंच. सोसायटीच्या ग्रुपवर घेत नाहीत, कारण "मालकांपुरता". आणि कॉलनीत सर्वांत जास्त पायी चालणारे आम्हीच.

*

चौकस
मंगळवार, रात्री १०.४५

पुण्यातून लिहितोय. कागदांच्या वाटा सांगतो, बाकी भावनिक बाजू वर झालीच आहे.

पहिली वाट, सोमवार. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना जाऊन फाइली बघता येतील अशी पद्धत सुरू झाली. माहिती अधिकाराचा अर्ज न करता. २०१८ साली राज्य शासनाने निर्णय काढून ती जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. म्हणजे मोगरीताईंच्या शहरातही आहे. टेबलावरचा माणूस "असं काही नसतं" म्हणेल, म्हणून शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा.

दुसरी, माहिती अधिकार. हे सगळ्यांना माहीत असतं पण अर्ज चुकीचा करतात. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "फुटपाथ असा का आहे?" हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. "का" विचारायचंच नाही. कागद मागायचे: कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), पूर्वगणनपत्रक (खर्चाचा आधी काढलेला अंदाज), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) यांच्या प्रती.

तिसरी, अंदाजपत्रक. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून पुढच्या वर्षाच्या कामांच्या सूचना मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात साधा अर्ज भरायचा. ऐकायला फार गोड. पण बहुतेक लोकांना तारीख संपल्यावर कळतं, आणि सूचनांची गाडी बाकडी, नामफलक आणि दिव्यांच्या खांबांवरच अडकते. तरीही भरा. एखाद्या चौकातला उतरता कट्टा, एखादं झेब्रा क्रॉसिंग अशी छोटी कामं त्यातून होतात, कारण ती कुणाला नकोशी नसतात.

फुटपाथबद्दल कागदावर आम्ही फार पुढारलेले आहोत बरं का. २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर झालं. ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद केला होता. मी गेलो होतो. रस्त्याच्या मधोमध लहान मुलं खडूने चित्रं काढत होती आणि एक आजी रस्त्यातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, बहुतेक कित्येक वर्षांनी. दुसऱ्या दिवशी रस्ता पूर्ववत.

शेवटी क्षेत्रसभा. २००९ साली राज्याच्या महापालिका कायद्यात ही तरतूद आली. ग्रामसभेसारखी शहरातल्या मतदारांची सभा, नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली. इथल्या कुणी ती कधी पाहिली असेल तर हात वर करा, मी जेवायला घालीन. आणि ज्याने अध्यक्ष व्हायचं तो नगरसेवकच मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नव्हता, प्रशासकच. त्या काळात आमच्यासारख्यांना एक शिकायला मिळालं: नगरसेवकाच्या फोनशिवाय फाइल हलते, पण त्यासाठी फाइलचा क्रमांक पाठ पाहिजे.

*

निवांत
मंगळवार, रात्री ११.१०

जेवण वाचलं तुमचं. कुणाचाच हात वर दिसत नाही.

*

गोदाकाठ
बुधवार, सकाळी ८.३०

नाशिकहून. एक पुस्ती, झाडांची. रुंद फुटपाथ मागायला जाल आणि पहिला बळी झाडाचा जाईल, हे लक्षात ठेवा. "१.८ मीटर मोकळे हवेत ना, मग हे गुलमोहर काढतो" असं उत्तर तयार असतं. झाड तोडायचं असलं तर त्यावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस असतात. नोटीस दिसली की तारखेसकट फोटो काढा आणि लेखी हरकत द्या. तपोवनातल्या, कुंभमेळ्यासाठी तोडायच्या झाडांवरून २०२५ च्या शेवटी आमच्याकडे जे उठलं ते बातम्यांत वाचलंच असेल. लोक झाडांना मिठ्या मारतानाचे फोटो सगळीकडे फिरले, पण कामाची गोष्ट होती ती लेखी हरकतींचे गठ्ठे.

आणि पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटवू देऊ नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच सांगितलंय, झाडाभोवती एक मीटर सिमेंट नको. आमच्या गल्लीत अकरा झाडांचे गळे आम्ही स्वतः पहार घेऊन मोकळे केले. एका रविवारी पाच झाडं, मग पाठ धरली, उरलेली पुढच्या महिन्यात.

*

तोक्योकर
बुधवार, दुपारी ४.००

जपानमधून वाचतेय. "तिकडे बघा किती शिस्त" हे मी लिहिणार नाही, पण दोन यंत्रणा सांगते.

इथे मोठ्या शहरांत गाडी घेण्याआधी तुमच्याकडे ती ठेवायला जागा आहे याचं पोलिसांकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. घरापासून दोन किलोमीटरच्या आत. कायदा साठच्या दशकातला, म्हणजे गाड्या वाढायच्या आत केलेला. रात्री रस्त्यावर गाडी लावून ठेवता येत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत फुटपाथ नाहीच, नुसती पांढरी रेघ, तरी पोरं एकटी शाळेत जातात.

दुसरं म्हणजे चोनाइकाई, गल्लीचं मंडळ. थोडी वर्गणी, कचऱ्याच्या जाळीची पाळी, भूकंपाची तालीम. त्यांची एक पाटी असते, काइरानबान. त्याला सूचनांचे कागद लावलेले. ती घराघरांतून फिरते, वाचून सही करायची आणि शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही पोचते. भाजीवाल्या मावशींसाठी चालेल का बघा. अर्थात इथेही पार्लेकरांसारखंच रडगाणं आहे, मंडळात सगळे सत्तरीचे.

आमच्या एदोगावा वॉर्डात भारतीय पुष्कळ. २०१९ मध्ये इथल्या वॉर्ड सभेवर योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून गेला. तेव्हा कळलं, गल्लीच्या राजकारणाला परदेशी आडनाव आडवं येत नाही, पण पाटी फिरवायची पाळी चुकवलेली आडवी येते.

*

ढोलताशा
बुधवार, संध्याकाळी ६.१०

फुटपाथचं राहू द्या, आमच्याकडे डीजेचं काय करायचं ते सांगा कुणीतरी. खिडकीच्या काचा थरथरतात.

*

चौकस
बुधवार, संध्याकाळी ७.००

ध्वनिप्रदूषण नियम २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहा ते सहा ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकारने दिलेले मोजके सवलतीचे दिवस सोडून. ११२ वर फोन करा. आता वेगळा धागा काढा, नाहीतर हा गणपतीपर्यंत संपायचा नाही.

*

मोगरी
सोमवार, रात्री ९.२०

बारा दिवसांनी येतेय, माफ करा.

आज ३ ते ५ ला काका आणि मी गेलो होतो. टेबलावरच्या बाईंनी अपेक्षेप्रमाणे "असं काही नसतं" म्हटलं. काकांनी शासन निर्णय काढला. त्या आत गेल्या, वीस मिनिटांनी फाइल आली आणि वर चहाही आला. चौकस, धन्यवाद.

फाइलमध्ये आमच्या फुटपाथचा कार्यादेश सापडला. काम दोन वर्षांपूर्वीचं. आणि काकांनी चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं: दोषदायित्व कालावधी तीन वर्षं.

*

जुना_अभियंता
सोमवार, रात्री ९.३५

अरे वा! मोगरीताई, ही ओळ सोन्याची आहे. दोषदायित्व कालावधी म्हणजे तोपर्यंत काही खचलं, फुटलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे अडकलेली असते. मुदत संपली की ती परत जाते आणि मग तुमच्या कराच्या पैशातून नवी निविदा. अजून वर्ष आहे तुमच्याकडे, उद्याच अर्ज द्या. खचलेल्या प्रत्येक जागेचा फोटो, मोजमाप, कार्यादेश क्रमांक. शेवटी लिहा, "दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये." या एका वाक्याने ठेकेदार स्वतः फोन करतो.

एक धोका आहे. तो म्हणेल, फुटपाथ आम्ही नीट केला होता, सोसायट्यांनी रँपसाठी तोडला. तसं असेल तर ती दुरुस्ती त्याच्यावर येत नाही.

*

मोगरी
सोमवार, रात्री १०.१५

तसंच आहे. मोजमाप पुस्तिकेत सलग लांबी लिहिली आहे, रँप एकही नाही. अकराच्या अकरा नंतरचे. आमचा तर मला आठवतो, दिवाळीच्या आधी ओतला, वर्गणी दिली होती मीही. चारशे रुपये.

*

पार्लेकर
सोमवार, रात्री १०.२०

:) :) लोल. चारशे रुपयांची पावती जपून ठेवा.

*

भाजीवालीचा_मुलगा
सोमवार, रात्री १०.५०

मावशींशी बोलणं झालं का?

*

मोगरी
मंगळवार, सकाळी ८.००

झालं. सहाही जणी-जण एका ओळीत, भिंतीच्या कडेला बसायला तयार आहेत, सव्वा मीटरच्या आत. खडूने पट्टा आखलाय सध्या. अट एकच घातली त्यांनी, आधी त्या फळवाल्याच्या समोरची लाल गाडी हलवा. तीन वर्षं हललेली नाही, टायर बसलेत, खाली मांजर व्यायलीय. गाडी कुणाची हे त्यांना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मालक आमच्याच मागच्या इमारतीत राहतात आणि अतिक्रमणाविरुद्धच्या ठरावावर त्यांची पहिली सही आहे.

पाटीची कल्पनाही उचलली. परीक्षेचं पॅड, त्याला कागद. दूध केंद्रावरून निघते, मावशींकडे जाते, तिथून शाळेच्या शिपायांकडे. एक_भाडेकरू, आमच्याकडचे भाडेकरू त्यातूनच आले, चौघे. एक मुलगी नकाशे करते, तिने संपूर्ण रस्ता एका कागदावर काढून दिला. तो सासूबाईंनी देवघराशेजारी लावलाय, का ते विचारलं नाही.

*

कडक_चहा
मंगळवार, सकाळी ९.३०

ते मोजायचं कोष्टक कसं केलंत ते टाकाल का इथे? आमच्या गल्लीसाठी हवंय. सहजच.

*

मोगरी
मंगळवार, दुपारी २.१०

साधं आहे. अंतर मीटरमध्ये, डावीकडे की उजवीकडे, काय आडवं आहे, उरलेली मोकळी रुंदी, फुटपाथची उंची, फोटो क्रमांक. आणि शेवटचा रकाना काकांचा: "कुणाचं". तो भरताना पेन्सिल वापरा, खाडाखोड होते.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा येत्या रविवारी. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून तरी होतेय. जुन्या_अभियंत्यांनी सांगितल्याप्रमाणे सलग फुटपाथ आणि कडेला उतार असं चित्र काढून विषयपत्रिकेत घालायला दिलं होतं. सेक्रेटरींनी घेतलं नाही, "इतर विषयां"त घाला म्हणाले. इतर विषय म्हणजे समोसे आल्यानंतर.

*

निवांत
रविवार, रात्री ८.४५

मोगरी, काय झालं सभेत?

*

मोगरी
रविवार, रात्री ११.०५

दोन तास पार्किंगच्या स्टिकरवर. मग समोसे. मग रँप.

सेक्रेटरी म्हणाले, बाकी दहा सोसायट्यांनी आधी तोडावेत. तळमजल्यावरचे म्हणाले, पाणी आत आलं तर कोण बघणार. ते बरोबर आहे, काका पन्हाळीचा उतार काढून देणार आहेत. एकाने विचारलं, आमची गाडी घासली तर? त्यावर सासूबाई उभ्या राहिल्या. त्या सभेला येणार हे मलाही माहीत नव्हतं, वरून खाली कधी आल्या तेही. म्हणाल्या, "घासली तर मला सांग, मी चारशे देते."

हात वर करून मतदान. एकोणीस विरुद्ध सोळा, होकाराने. सात जण समोशाची प्लेट हातात होती म्हणून तटस्थ.

इतिवृत्त लिहायचं काम सेक्रेटरींकडे आहे, म्हणून मी आजच वहीचा फोटो काढून ठेवलाय. ब्रेकर मशीनवाला गुरुवारी सकाळी येतो म्हणालाय. मजुरी, राडारोडा उचलणं आणि उताराचं नवं सिमेंट धरून किती घेतात कुणाला माहीत असेल तर बुधवारच्या आत सांगा, तो जास्त सांगतोय असं वाटतंय.